माणसाच्या मेंदूचं सॉफ्टवेअर रॅटवर चालवायचंय? आधी मिलिमीटर बघा

गेल्या मे महिन्यात धुळ्याकडचा एक पोरगा माझ्याकडे जळगावला हार्ड डिस्क घेऊन आला. फार्मसीत पीएचडी करू राहिला, बाहेरच्या एका संस्थेत जाऊन रॅटचे एमआरआय काढून आणलेले, आणि गाइडने एवढंच सांगितलेलं की एसपीएम नाहीतर एफएसएल, म्हणजे मेंदूचे स्कॅन तपासायचं सॉफ्टवेअर, टाक आणि बघ. त्याने टाकलं, व्हिडिओत माणसाच्या मेंदूचं दाखवतात तशी एकामागे एक बटणं दाबली, आणि मेंदू वेगळा काढायच्या पायरीला त्याला मानेचा स्नायू मिळाला. मला म्हणे, भो, सॉफ्टवेअर करप्ट आहे का?

करप्ट काहीच नव्हतं. या सॉफ्टवेअरला समोर कोणता प्राणी आहे ते दिसतच नाही, त्याला फक्त आकडे दिसतात आणि ते आकडे मिलिमीटरमधे असतात. माणसाचा मेंदू लांबीला साधारण 16-17 सेंटिमीटर, वजन 1300-1400 ग्रॅम. रॅटचा जेमतेम 2 सेंटिमीटर आणि 2 ग्रॅम, म्हणजे एखाद्या भुईमुगाच्या शेंगेएवढा. माउसचा तर अर्धा ग्रॅमही भरत नाही. मराठीत आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो पण इथे तसं चालत नाही, म्हणून मी पुढे रॅट आणि माउसच लिहितो.

आता एफएसएलमधलं फ्लर्ट घ्या. ते दोन इमेज जुळवताना आधी जाडसर जुळवतं आणि मग बारीक, त्याच्या पायऱ्या 8, 4, 2 आणि 1 मिलिमीटर. माणसाला 8 मिलिमीटर ठीक आहे, मेंदूचा आकार समजतो. रॅटच्या 2 सेंटिमीटरच्या मेंदूला 8 मिलिमीटरचे ठोकळे केले तर लांबीत अडीच ठोकळे बसतात, आता अडीच ठोकळ्यांवर ते काय जुळवणार? म्हणून ते कुठेतरी भलतीकडेच जाऊन बसतं आणि एररही देत नाही, हीच खरी गंमत.

तर उपाय दोन. एकतर सॉफ्टवेअरमधला मिलिमीटरचा प्रत्येक आकडा शोधून दहाने भागायचा, नाहीतर सॉफ्टवेअरला सांगायचं की हा रॅट दहापट मोठा आहे. दुसरा उपाय सोपा वाटतो आणि बहुतेक लोक तोच करतात, मीही तोच करतो. 2 सेंटिमीटरचा मेंदू 20 चा झाला की माणसाच्या जवळपास येतो आणि बरेचसे डिफॉल्ट आपोआप चालायला लागतात. पण यात लोक एक चूक करतात, इमेजच मोठी करतात, म्हणजे रीसॅम्पल. तसं करायचं नाही. डेटाला हात लावायचा नाही, फक्त हेडरमधे, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत, व्हॉक्सेलचा, म्हणजे इमेजच्या एका बारीक ठोकळ्याचा, आकार बदलायचा. 0.2 मिलिमीटर असेल तिथे 2 लिहायचं, बस.

फक्त तेही नीट करा. निफ्टी फाइलमधे, म्हणजे ही सॉफ्टवेअर इमेज ज्या प्रकारात ठेवतात त्या फाइलमधे, आकार एकाच जागी नसतो. पिक्सडिम म्हणून एक जागा, आणि इमेज जागेत कुठे बसलीय ते सांगणारे क्यूफॉर्म आणि एसफॉर्म हे दोन. एकच बदललं आणि बाकीचं तसंच राहिलं तर एक सॉफ्टवेअर रॅट मोठा समजतं आणि दुसरं लहान, आणि तुम्ही दोन दिवस डोकं धरून बसता. एफाइनमधे, म्हणजे जागा सांगणाऱ्या आकड्यांच्या चौकटीत, फक्त व्हॉक्सेलचे आकडे नाही, शेवटच्या कॉलममधले सरकवायचे आकडेही दहाने गुणायचे, नाहीतर एकाच रॅटची अॅनाटॉमीची इमेज आणि फंक्शनलची इमेज एकमेकांवरून घसरतात. आणि पिक्सडिमच्या चौथ्या आकड्याला अजिबात हात नाही, तो वेळ आहे, टीआर, म्हणजे एका इमेजपासून पुढच्या इमेजपर्यंतचा. झपाट्याने सगळंच दहाने गुणलं की 1 सेकंदाचा टीआर 10 सेकंदांचा होतो, हे मी स्वतः केलेलं आहे आणि दोन आठवड्यांनी कळलं. पायथन येत असेल तर नायबेबल या लायब्ररीने चार ओळींत होतं, नसेल येत तर एएफएनआय या तिसऱ्या सॉफ्टवेअरमधे थ्रीडी-रिफिट आहे, त्यात एक्स-वाय-झेड-स्केल असा पर्याय आहे, त्याला 10 द्यायचं. नवीन फाइलच्या नावात दहापट असं लिहून ठेवा. खरंच लिहा, नंतर फाइली मिसळल्या की ओळखू येत नाहीत.

आणि हे करायच्या आधी एक बघून घ्या, दहापट आधीच झालेली नाही ना? लहान प्राण्यांचे बरेच स्कॅनर ब्रुकर कंपनीचे असतात, त्यांची फाइल निफ्टी करायला ब्रू-टू-एनआयआय नावाचं टूल लोक वापरतात आणि ते स्वतःच, न विचारता, दहापट करून देतं. खरा आकार पाहिजे तर तसा पर्याय वेगळा द्यावा लागतो. धुळ्याच्या पोराच्या अर्ध्या फाइली तिथून दहापट होऊन आलेल्या, त्यावर आम्ही पुन्हा दहा लावले आणि दोन मीटरचा मेंदू झाला. व्ह्यूअरमधे सगळं सारखंच दिसतं हो, कारण व्ह्यूअर स्क्रीनला मावेल तसं दाखवतो. म्हणून डोळ्यावर जाऊ नका, हेडर उघडून आकडा वाचा. रॅटला एका स्लाइसमधे व्हॉक्सेल 0.1 ते 0.3 मिलिमीटरच्या आसपास आणि स्लाइसची जाडी अर्धा-एक मिलिमीटर दिसली तर तो खरा आकार.

आता दिशा. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण बाकीच्या चुका कधी ना कधी दिसतात, ही दिसत नाही.

माणूस स्कॅनरमधे पाठीवर झोपतो, नाक छताकडे. रॅट पोटावर झोपवतात, नाक बोअरच्या, म्हणजे स्कॅनरच्या बोगद्याच्या, दिशेने सरळ पुढे. माणसात डोक्यापासून पायापर्यंतची दिशा म्हणजे वर-खाली. रॅटमधे तीच दिशा नाकापासून शेपटीपर्यंतची, म्हणजे मेंदूच्या हिशोबाने पुढे-मागे. स्कॅनरला बहुतेक वेळा माणूसच माहीत, त्यामुळे तो लेबलं माणसाची लावतो आणि रॅटच्या नाकाशी सुपीरियर, म्हणजे वर, असं लिहिलेलं येतं. स्कॅनरवाला ज्या आडव्या कापाला अॅक्सियल म्हणतो तो रॅटसाठी कोरोनल, म्हणजे समोरून दिसणारा उभा काप असतो. अॅटलस, म्हणजे मेंदूच्या भागांचा तयार नकाशा, मात्र रॅटच्या हिशोबाने बनवलेला. दोघांमधे 90 अंशांचा फरक, आणि जुळवणी करणारं कोणतंही सॉफ्टवेअर 90 अंश स्वतःहून फिरवेल या भरोशावर राहू नका.

एफएसएलमधे री-ओरिएंट-टू-स्टँडर्ड असं गोड नावाचं एक टूल आहे, लोकांना वाटतं याने झालं. ते फक्त लेबल बघून अक्ष लावतं, आणि आपली तर लेबलंच चुकलेली. म्हणून आधी लेबल दुरुस्त करायची. मी असं करतो, एफएसएल-आइज या व्ह्यूअरमधे इमेज उघडतो, घ्राणकंद, म्हणजे ऑलफॅक्टरी बल्ब, रॅटला तो मोठा असतो आणि पुढे टोकाला असतो त्यामुळे लगेच सापडतो, तो कुठल्या अक्षावर आहे ते कागदावर लिहितो. मग सेरेबेलम, म्हणजे लहान मेंदू, मागे, टाळूची बाजू वर. कागदावरच लिहितो, हसू नका. मग एफएसएल-ओरिएंटने जुनी चुकलेली लेबलं पुसतो, त्याप्रमाणे स्वॅपडिमने वाय आणि झेड बदलतो आणि लेबलं पुन्हा लावतो, कारण नुसतं स्वॅपडिम केलं तर चुकलेली लेबलंही डेटाबरोबर फिरतात.

राहिलं डावं-उजवं. रॅटचा मेंदू दोन्हीकडून सारखाच दिसतो, माणसासारख्या सुरकुत्या नाहीत, खुणा नाहीत. अक्ष बदलताना एक उणे चिन्ह इकडचं तिकडे झालं की डावा मेंदू उजवा होतो, आणि तुम्ही आयुष्यभर इमेज बघत बसले तरी कळणार नाही. त्या पोराचं नशीब चांगलं, त्याच्या रॅटना एका बाजूला स्ट्रोक केलेला होता. वहीत लिहिलंय उजवीकडे आणि इमेजमधे पांढरा डाग डावीकडे. डाग नसता तर थिसिस तसाच गेला असता. ज्यांना डेटा स्वतः काढायचाय त्यांनी स्कॅनच्या वेळीच रॅटच्या डोक्याच्या उजव्या बाजूला तेल भरलेली बारीक नळी चिकटवा, एमआरआयमधे चमकते आणि कायमची खूण राहते, आणि कुठल्या बाजूला चिकटवली ते वहीतही लिहा. जुना डेटा असेल आणि खूण नसेल तर निदान प्रत्येक पायरीआधी आणि नंतर एफाइनचा डिटरमिनंट अधिक आहे का उणे ते बघा. चिन्ह बदललं आणि डेटा मात्र उलटा मांडला नाही, किंवा डेटा उलटला आणि चिन्ह तसंच राहिलं, तर समजा आरसा लागला.

दिशा बरोबर झाली की मग उजेड. रॅटच्या डोक्यावर बहुतेकदा वरून एक छोटी सरफेस कॉइल ठेवतात, तिच्या जवळचा भाग लख्ख आणि खाली जाईल तसा अंधार. हे सुधारायला अँट्स या सॉफ्टवेअरमधलं एन-फोर आहे, 2010 पासून लोक वापरतात आणि चांगलं चालतं, फक्त त्यातही स्प्लाइनचं, म्हणजे उजेडाचा वक्र बसवायच्या बिंदूंमधलं, अंतर मिलिमीटरमधे द्यायचं असतं. माणसासाठी 200 सारखा आकडा देतात. दहापट केलेली फाइल असेल तर तसाच ठेवून सुरुवात करा, खऱ्या आकाराची असेल तर 20 पासून. कवटी काढायच्या आधी हे करायचं, नंतर नाही.

कवटी काढणं, म्हणजे स्कल स्ट्रिपिंग. आपल्याकडे हिवाळ्यात भरीताचं वांगं भाजतात ना, काडीवर भाजलं की साल निघतं, पण घाई केली तर सालासोबत गर जातो आणि जास्त जपलं तर जळका साल भरीतात येतो. अगदी तसंच. एफएसएलचं बेट हे मेंदूच्या आत एक गोळा फुगवत नेतं आणि काठाला थांबतं, माणसाचा मेंदू गोलसर म्हणून जमतं. रॅटचा लांबट, चपटा, पुढे बल्बचं टोक, शेजारी जबड्याचे जाड स्नायू, आणि गोळा कुठून फुगवायचा तो मध्यबिंदू सॉफ्टवेअर इमेजच्या उजेडावरून काढतं, तर मान चमकत असली की मध्यबिंदू मानेकडे सरकतो. पोराला स्नायू मिळाला तो असा. बेटच वापरायचं असेल तर मध्यबिंदू आणि त्रिज्या हाताने द्या. एएफएनआयच्या थ्रीडी-स्कलस्ट्रिपमधे चक्क रॅट नावाचा पर्याय आहे, तो बरा.

पण माझं मत विचाराल तर दोन्ही सोडा. तयार टेम्पलेट, म्हणजे नमुन्याचा मेंदू, घ्या, ते कवटीसकट रॅटवर जुळवा, आणि टेम्पलेटचा मास्क, म्हणजे मेंदू कुठवर आहे ते दाखवणारी इमेज, उलट्या वाटेने आपल्या रॅटवर आणा, मग आयटीके-स्नॅप या प्रोग्राममधे बसून हाताने काठ सुधारा. कंटाळवाणं काम आहे, रॅटमागे वेळ जातो, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. सुधारताना दोन ठिकाणी खास बघा, पुढे बल्बचं टोक कापलं गेलंय का, आणि मागे सेरेबेलमच्या दोन बाजूंना हाडाच्या खोबणीत शिरलेले पॅराफ्लोक्युलस, ते नेहमी सालासोबत जातात.

टेम्पलेट कोणतं घ्यायचं? एमएनआय-152 विसरा, ते माणसांचं. रॅटला वॅक्सहोम स्पेस आहे, 2014 ला आलेलं, स्प्राग डॉली जातीच्या नर रॅटचं, फार बारीक, 39 मायक्रॉन. पण तो मेंदू काढून जतन केलेला होता, जिवंत नव्हे, त्यामुळे आतल्या पाण्याच्या पोकळ्या जिवंत रॅटसारख्या दिसत नाहीत. 2019 चं सिग्मा हे दुसरं, त्यात जिवंत रॅटच्या इमेजवरचे टेम्पलेटही आहेत आणि फंक्शनल कामाला मला तेच बरं वाटतं. माउसला अॅलन इन्स्टिट्यूटचा सीसीएफ हा अॅटलस आहे, 1675 माउसच्या मेंदूंची सरासरी, पण लक्षात ठेवा ती एमआरआय नाही, मायक्रोस्कोपने काढलेली आहे. म्हणजे त्यात जे उजळ ते तुमच्या इमेजमधे उजळ असेलच असं नाही, तर जुळवताना कॉस्ट फंक्शन, म्हणजे जुळणी मोजायचं माप, म्युच्युअल इन्फर्मेशन घ्या. आपल्याकडच्या कॉलेजांत विस्टार रॅट जास्त असतात आणि वॅक्सहोमचं टेम्पलेट स्प्राग डॉलीचं, वयही वेगळं, वजनही. म्हणून आधी आपल्याच सगळ्या रॅटचं एक सरासरी टेम्पलेट बनवा, अँट्समधे त्याची तयार स्क्रिप्ट आहे, आणि मग तेवढं एकच अॅटलसला जुळवा.

ही स्क्रिप्ट तासन्‌तास चालते बरं का. मे महिन्यात जळगावला 45 डिग्री, लॅपटॉपवर अंडं तळेल, आणि बरोबर दुपारी लाइट जाते. मी रात्री लावतो, इन्व्हर्टरवर, आणि प्रत्येक पायरीचं आउटपुट वेगळ्या फाइलमधे ठेवतो म्हणजे बंद पडलं तर पहिल्यापासून नको.

एसपीएमवाल्यांसाठी. मॅटलॅब नसेल तर एसपीएमची स्टँडअलोन आवृत्ती फुकट आहे. एसपीएमचा सगळ्यात मोठा अडथळा सेगमेंटेशन, म्हणजे मेंदूचे पांढरा, करडा असे भाग वेगळे करणं, कारण त्यात माणसाचे टिश्यू प्रॉबॅबिलिटी मॅप बसवलेले असतात. दहापट करून आकार जुळला तरी आतला मामला जुळत नाही, रॅटच्या मेंदूत पांढरा भाग माणसाच्या मानाने फारच कमी, कॉर्टेक्स गुळगुळीत. तर मॅप रॅटचेच द्या, आणि अफाइन रेग्युलरायझेशनमधे माणसाचं टेम्पलेट निवडलेलं असतं ते काढा. बाकी दहापट केलं नसेल तर रीअलाइनमधलं 4 मिलिमीटरचं सेपरेशन, को-रजिस्टरमधले 4 आणि 2, बायसचे 60, सेगमेंटेशनच्या सॅम्पलिंगचे 3, आणि स्मूदिंगचे 8, हे सगळे बदलायचे. 8 मिलिमीटरचं स्मूदिंग खऱ्या आकाराच्या रॅटवर मारलं तर अर्धा मेंदू एकच डाग होतो. व्हॉक्सेलच्या दुप्पट-तिप्पट ठेवा. एसपीएम-माउस नावाचा टूलबॉक्सही आहे, हे डिफॉल्ट बदलून देणारा, पण तो जुन्या एसपीएमच्या काळातला, 2009 चा, तर नव्यात भांडत बसू नका. फ्रीसर्फरची कॉर्टेक्सची पाइपलाइन तर सोडूनच द्या, ती माणसाच्या सुरकुत्यांवर जगते.

मिलिमीटर सांभाळले की झालं असं मलाही वाटायचं. पण सेकंदही माणसाचेच असतात. काही दाखवलं, काही टोचलं की मेंदूत रक्त वाढतं त्याचा उंचवटा माणसात साधारण 5-6 सेकंदांनी येतो, सॉफ्टवेअरमधला तयार एचआरएफ, म्हणजे त्या उंचवट्याचा साचा, तसाच आहे. रॅटमधे तो लवकर येतो, 2-3 सेकंदांतच. दहापटचा हेडर इथे काही कामाचा नाही. एचआरएफचे आकडे बदला किंवा एफआयआर, म्हणजे साचा आधी न धरणारं, मॉडेल लावून आपल्या डेटातच तो कसा दिसतो ते आधी बघा, मला दुसरं जास्त पटतं कारण भूल कोणती दिली त्यावरही सगळं बदलतं. आयसोफ्लुरेन रक्तवाहिन्या सैल करतं, मेडेटोमिडिनचं तसं नाही, तर दोन वेगळ्या भुलींचे रॅट एका गटात कालवू नका.

हालचालीचं थोडक्यात. 2012 पासून वापरात असलेलं फ्रेमवाइज डिस्प्लेसमेंट, म्हणजे एका इमेजपासून पुढच्या इमेजपर्यंत डोकं किती हललं त्याचं माप, डोकं वळलेलं मोजताना डोक्याची त्रिज्या 50 मिलिमीटर धरतं. खऱ्या आकाराच्या रॅटला ती 5 च्या आसपास करा, आणि हद्दही त्याच मानाने, 0.5 ऐवजी 0.05 मिलिमीटर. दहापट केलं असेल तर 50 तसंच राहू द्या, पण लिहिताना हालचाल परत दहाने भागून लिहा. रॅटच्या कानात आणि दातात पट्ट्या असतात, तो फारसा हलत नाही, म्हणून ग्राफ सपाट आला की आनंद होतो. पूर्णच सपाट आला तर मात्र रीअलाइन चाललं का ते तपासा.

डिफ्यूजन, म्हणजे पाण्याच्या हालचालीवरून तंतू शोधणारं स्कॅन, ज्यांचं आहे त्यांनी एवढंच धरा, दहापट केल्याने बी-व्हॅल्यूला काही होत नाही, पाण्याची हालचाल मोजणारे एफए, एमडी हे आकडे तेच राहतात, पण अक्ष बदलले असतील तर बी-व्हेक्टरही, म्हणजे मोजणीच्या दिशाही, तसेच बदलायला लागतात, नाहीतर तंतू आडवे-तिडवे निघतात. कॉर्पस कॅलोसम, म्हणजे मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा तंतूंचा पट्टा, बघा, तो डावीकडून उजवीकडे लाल रंगात गेला तर ठीक. ट्रॅक्टोग्राफीत, म्हणजे तंतूंचा माग काढताना, पावलाची लांबी मिलिमीटरमधे असते, तीही बघा.

हे सगळं नको असेल तर रेबीज नावाची तयार पाइपलाइन आहे, नाव ऐकून दचकू नका, ती मुळातच रॅट-माउसच्या फंक्शनल एमआरआयसाठी लिहिलेली आहे. पण तिला टेम्पलेट दिलं नाही तर ती माउसचंच धरून चालते, तर रॅटवाल्यांनी आपलं द्यायचं. आणि सरावाला डेटा नसेल तर ओपनन्यूरो या साइटवर रॅट-माउसचे स्कॅन फुकट आहेत, त्यासाठी ना नवीन रॅट लागतो ना प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची चक्कर.

आता शेवटचं काम, परत येणं. दहापट जाताना सगळे जातात, येताना विसरतात. रिझल्टच्या नकाशांचा हेडर परत 0.1 ने गुणा, म्हणजे अॅटलसचे ब्रेग्मापासूनचे, म्हणजे कवटीवरच्या शिवणी मिळतात त्या बिंदूपासूनचे, आकडे जुळतील. अंतर दहाने भागायचं, क्षेत्रफळ शंभराने, आणि आकारमान हजाराने, हजाराने. टी-व्हॅल्यू, एफए, व्हॉक्सेलची संख्या यांना काही करायचं नाही. पोराने पहिला टेबल पाठवला त्यात कंट्रोल गटाच्या रॅटचा मेंदू दोन लिटर होता. मी फोन करून विचारलं, भो, हत्ती आहे का? तर म्हणे, पण सगळ्या रॅटचं सारखंच आलंय ना, मंग चालेल की. गटातला फरक टक्क्यांत काढला तर खरंच चालतं, म्हणूनच हे पकडलं जात नाही. पेपरात मेथड्समधे एक ओळ टाका की व्हॉक्सेल दहापट करून प्रोसेस केलं आणि आकडे मूळ मापात दिले आहेत. आणि बाकीचे वीस-तीस रॅट रांगेत लावायच्या आधी पहिल्या एकाच रॅटच्या मास्कचं आकारमान मोजा, ते 2 घन सेंटिमीटरच्या आसपास आलं पाहिजे, माउस असेल तर अर्ध्याच्या आसपास. नाही आलं तर वर हेडरपाशी परत जा.